अबू कुबैसची हाक आणि हातातला मोबाईल

प्रेषितत्वाच्या घोषणेला अजून सुमारे वीस वर्षे अवकाश होता, त्या काळातील ही हकिगत. येमेनमधील जुबैद कबिल्याचा एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. आस बिन वाइल या वजनदार कुरैशी सरदाराने त्याचा माल ताब्यात घेतला आणि किंमत देण्याचे नाकारले. परदेशी माणसाला मक्केत कोणी वाली नव्हता. त्याने काही घराण्यांकडे दाद मागून पाहिली. पण आसशी वैर कोणी पत्करावे? त्यांनी त्यालाच झिडकारले. शेवटी तो काबागृहाजवळच्या अबू कुबैस टेकडीवर चढला. कुरैशची मंडळी खाली काबागृहाभोवती बसली होती. त्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आपल्यावरील अन्याय सांगितला.

हाक अनेकांनी ऐकली. उठले ते प्रेषितांचे चुलते जुबैर बिन अब्दुल मुत्तलिब. त्यांच्या पुढाकाराने काही घराण्यांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली, की मक्केत ज्याच्यावर अन्याय होईल, मग तो इथला असो की बाहेरचा, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण सारे त्याच्या बाजूने उभे राहू. शपथ घेऊन ते घरी गेले नाहीत. ते आसच्या दारी गेले, माल परत घेतला आणि व्यापाऱ्याच्या हवाली केला. इतिहासात हा करार ‘हिल्फुल-फुजूल’ या नावाने ओळखला जातो. आदरणीय मुहम्मद (स.) तेव्हा सुमारे वीस वर्षांचे होते आणि त्या बैठकीस हजर होते. पुढे प्रेषितत्व मिळाल्यानंतरही ते या कराराची आठवण अभिमानाने काढत. लाल उंटांच्या मोबदल्यातही आपण तो सोडला नसता आणि इस्लामच्या काळातही कोणी तशा करारासाठी हाक दिली तर आपण ओ देऊ, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सीरतच्या ग्रंथांत नोंदलेले आहेत.

या प्रसंगाकडे आपण बहुधा प्रेषितांच्या चारित्र्याचा एक पैलू म्हणून पाहतो आणि पुढे जातो. परंतु तो एका तरुणाच्या नागरी सहभागाचाही प्रसंग आहे. करार करणारे लोक त्या वेळी मुस्लिम नव्हते, शपथ कोणत्याही धर्माच्या प्रचारासाठी नव्हती, ज्याच्यासाठी ती घेतली तो माणूस ना नात्याचा होता ना गावचा. तरीही प्रेषितांनी तिला आयुष्यभर मान दिला. आपल्या गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथे मुस्लिम कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत, जिथे एकाच गल्लीत मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि गोंडी कानावर पडते, तिथे या सुन्नतीचे मोल विशेष आहे.

आता त्या हकिगतीचे टप्पे लक्षात घ्या: आधी हाक झाली, मग बैठक, आणि शेवटी आसच्या दारापर्यंतची पायपीट. मोबाईलने पहिले दोन टप्पे कल्पनेपलीकडे सोपे केले आहेत. तिसरा मात्र तेवढाच लांबचा राहिला आहे, आणि माझ्या मते आजच्या तरुणांचा सारा प्रश्न या अंतरात आहे.

हाक सोपी झाली

हे अंतर मोजण्याआधी जे मिळाले आहे त्याबद्दल अल्लाहचे आभार मानले पाहिजेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. त्यापूर्वी देवरी-सालेकशाच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी भंडारा गाठावे लागे. एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी त्यात जाई. जिल्हा झाल्यावरही अर्जुनी मोरगावहून गोंदियाला येणे काही लहान काम नव्हते. आज त्याच तालुक्यातला विद्यार्थी पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचे छायाचित्र काढतो आणि ते संध्याकाळपर्यंत अधिकारी, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी या तिघांच्याही हातात असते. प्रत्येकाच्या खिशात एक अबू कुबैस आला आहे. ज्याला कोणी वाली नव्हता, त्याला निदान आवाज मिळाला.

हा आवाज मिळाला तोही सहजासहजी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर मत मांडणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि त्या मताला नुसती पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. आपले मत शांतपणे, सभ्यपणे आणि आपल्या नावाने मांडणे हा तरुणांचा अधिकार आहे. पवित्र कुरआन तर त्याही पुढे जातो. सूरह निसाच्या १३५व्या आयतीचा आशय असा आहे की, ईमानधारकांनी न्यायावर ठाम राहावे आणि अल्लाहसाठी साक्ष द्यावी, मग ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध का जाईना. म्हणजे बोलणे हा केवळ हक्क राहत नाही. ती ‘शहादत’ होते, आणि शहादतीला शर्ती असतात.

खबरीची सनद

साक्षीदाराने जे पाहिले, जे त्याला नक्की माहीत आहे, तेवढेच बोलावे, ही पहिली शर्त. मदरशात हदीस शिकताना आम्हाला आधी मजकूर शिकवत नसत. आधी ‘सनद’ शिकवत. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ते दोघे एका काळात, एका गावात होते का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो सचोटीचा होता का. साखळीतील एक जरी माणूस ‘मजहूल’, म्हणजे अज्ञात निघाला, तरी ती रिवायत कमजोर ठरते, मग मजकूर कितीही सुंदर असो. प्रेषितांच्या नावाने येणाऱ्या वचनाला हा नियम लावणारी उम्मत, ‘फॉरवर्डेड’ अशी खूण असलेला संदेश मात्र डोळे मिटून पुढे पाठवते, हे आश्चर्य आहे. त्या खुणेचा अर्थच मुळी असा की साखळीतील सगळेच मजहूल आहेत.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात मोबाईलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना घेरले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले, आणि त्याच खोलीत ते पाचही जण मारले गेले. ज्या खोलीत गावाने एकत्र बसून गावाचा विचार करायचा, ती खोली. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवण्यावर बंधन आणले. यंत्राने आपले बंधन घातले. माणसाने घालायचे बाकी राहिले.

आपल्या समाजाने या अफवांचे घाव सोसले आहेत. जून २०१४ मध्ये पुण्यात समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह चित्रांवरून तणाव उसळला आणि त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका मुस्लिम तरुणाचा नमाजहून परतताना बळी गेला. हे आपण विसरत नाही आणि विसरूही नये. परंतु आपल्याच विदर्भातील अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये जे घडले, तेही तितक्याच प्रामाणिकपणे आठवले पाहिजे. त्रिपुरातील घटनांविषयी खऱ्या-खोट्या चित्रफिती आपल्या मोबाईलवर फिरल्या. १२ तारखेला, शुक्रवारी, निषेधाचे मोर्चे निघाले, दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी त्याच्या उत्तरात बंद आणि जाळपोळ, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. त्रिपुरातील एकाही पीडित कुटुंबाला त्या दगडांनी काही मिळाले नाही. अमरावतीतल्या हातगाडीवाल्यांचे, रोजंदारीवाल्यांचे दिवस मात्र बुडाले, आणि त्यांत दोन्ही समाजांचे लोक होते.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आल्यावर शहानिशा करण्याचा हुकूम आहे, हे बहुतेकांना पाठ आहे. भाष्यकारांनी तिच्यामागील प्रसंग दिला आहे: जकात गोळा करायला पाठवलेला माणूस बनू मुस्तलिककडे न पोहोचताच परतला आणि ते उलटले असल्याचे त्याने सांगितले, प्रत्यक्षात ते त्याच्या स्वागतासाठी बाहेर आले होते. एका चुकीच्या निरोपावरून युद्ध पेटायचे राहिले. या आयतीची आठवण आपण एकमेकांना देत असतो. त्या मानाने सूरह नूरमधील पंधराव्या आयतीचा उल्लेख फार कमी होतो. हजरत आयशा (रजि.) यांच्यावर आळ घेतला गेला, तेव्हा मदिनेत महिनाभर ती कुजबुज चालली, आणि ती पुढे नेणाऱ्यांत काही निष्ठावंत मुस्लिमही होते. त्या संदर्भात अल्लाह म्हणतो की तुम्ही ते जिभांनी घेत होता आणि ज्याचे ज्ञान नाही ते तोंडाने बोलत होता. तुम्हाला ते क्षुल्लक वाटत होते, पण अल्लाहपाशी ती फार मोठी गोष्ट होती. हा त्या आयतीचा आशय. येथे थोडे थांबावे. माणूस बातमी कानांनी घेतो. मग ‘जिभांनी घेत होता’ असे का म्हटले? कारण कान आणि जीभ यांच्यामध्ये विचाराला जी जागा असते, ती उरलीच नव्हती. आज जिभेच्या जागी अंगठा आला आहे, एवढाच फरक.

त्याच दिवसांत एका घरात वेगळे घडले. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांना त्यांच्या पत्नीने विचारले, लोक काय बोलतात ते ऐकले का? त्यांनी उलट विचारले, तू असे कृत्य केले असतेस का? त्या म्हणाल्या, अल्लाहची शपथ, कधीच नाही. ते म्हणाले, मग आयशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. विषय तिथेच संपला. याच सूरहच्या बाराव्या आयतीत जो प्रश्न केला आहे, की ऐकताक्षणी ईमानवाल्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी आपल्याच माणसांबद्दल चांगले का चिंतले नाही, त्याचे प्रत्यक्ष उत्तर या पती-पत्नींनी घरात दिले होते. जेवताना मुलगा मोबाईल पुढे करून ‘अब्बा, हे बघा’ म्हणतो, तेव्हा बापाने रागावण्याऐवजी अबू अय्यूब (रजि.) यांच्यासारखा एक प्रश्न विचारावा.

बैठकीचा अमीर

आता बैठकीविषयी, कारण व्हॉट्सअॅपचा ग्रूप ही आजची बैठक आहे. मोहल्ल्याचा ग्रूप, मस्जिदीचा ग्रूप, धान खरेदीचा ग्रूप, वॉर्डाचा ग्रूप. २०२२ पासून राज्यातील बहुतेक नगर परिषदांची मुदत संपून दीर्घकाळ प्रशासक होते. नव्याने मतदार झालेल्या कितीतरी मुलांनी आपल्या वॉर्डाचा निवडून आलेला सदस्य पाहिलाच नव्हता. त्यांच्यासाठी वॉर्ड म्हणजे हा ग्रूपच होता. नळाला पाणी का नाही, घंटागाडी कधी येईल, वीज कधी येईल, हे सारे तिथेच. यात वाईट काही नाही. पण बैठक म्हटली की तिला कोणी जबाबदार असतो का?

या प्रश्नावर देशभर उल्लेख होणारा एक निकाल आपल्याच जिल्ह्यातून निघाला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१६ साली अर्जुनी मोरगाव येथे एका व्हॉट्सअॅप ग्रूपवर एका सदस्याने त्याच ग्रूपमधील स्त्रीविषयी अश्लील भाषा वापरली. ग्रूपच्या अॅडमिनने त्याला काढले नाही, माफी मागायलाही लावले नाही, अशी तक्रार झाली आणि अॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. मार्च २०२१ मध्ये खंडपीठाने अॅडमिनवरील कारवाई रद्द केली. अॅडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे एवढेच असते, संदेश येण्याआधी तो त्याला तपासता येत नाही. म्हणून समान हेतू किंवा आधीच केलेला कट सिद्ध झाल्याखेरीज दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी त्याला दोषी धरता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे.

कायदा म्हणून हा निकाल योग्यच वाटतो. एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याला नसावी, हे कुरआनचेही तत्त्व आहे. पण न्यायालयासमोरचा प्रश्न गुन्ह्याचा होता. अल्लाहपुढचा प्रश्न निराळा आहे, आणि गंमत अशी की न्यायालयाने अॅडमिनची सुटका करताना जे म्हटले, नेमके तेच त्याला इथे अडकवते: घेणे आणि काढणे त्याच्या हाती आहे. मुस्लिम शरीफमध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची जी प्रसिद्ध हदीस आहे, तिच्यानुसार वाईट दिसल्यास हाताने बदलावे, ते शक्य नसेल तर जिभेने, तेही शक्य नसेल तर मनात त्याला वाईट मानावे, आणि हा ईमानचा सर्वांत दुबळा स्तर होय. उलेमांनी फार काळजीने स्पष्ट केले आहे की ‘हाताने’ हा अधिकार रस्त्यावरच्या कोणाही उत्साही माणसाचा नाही. ज्याला त्या जागी अधिकार आहे त्याचा तो आहे. शासकाचा त्याच्या राज्यात, बापाचा त्याच्या घरात. ग्रूपमध्ये तो हात अॅडमिनचा आहे. प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला आपल्या कळपाबद्दल विचारले जाईल, या अर्थाची बुखारी-मुस्लिमची हदीस चारशे सदस्यांच्या ग्रूपलाही लागू होत नाही, असे मला तरी म्हणवत नाही.

अनेक तरुण अॅडमिन सांगतात, ‘मौलाना, मी काढले तर लोक नाराज होतात.’ होतील. खालच्या मजल्यावरच्यांनी जहाजाला भोक पाडायला घेतले तेव्हा वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सगळे वाचतील, नाहीतर सगळे बुडतील, असा दाखला प्रेषितांनी दिला आहे, बुखारी शरीफमध्ये तो हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आला आहे. वरच्यांनी तेव्हा खालच्यांच्या नाराजीचा विचार केला असता तर? शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. दोन समाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुराला तिच्या कलम १९६ खाली तुरुंगवासाची शिक्षा आहे. मजकूर लिहिणारा आणि पुढे पाठवणारा, दोघांनाही ते लागू शकते. नोकरीसाठी पोलीस पडताळणी होईल तेव्हा एका रात्रीच्या आवेशाची आठवण त्या मुलाला आयुष्यभर पुरेल.

बहिणींबद्दलही बोलले पाहिजे. अर्जुनी मोरगावच्या प्रकरणात अपमान झाला तो एका स्त्रीचा, आणि ती गप्प बसली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या अॅपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लिलावासाठी म्हणून टाकण्यात आली, तेव्हाही पीडित स्त्रियांनी पुरावे जपून तक्रारी केल्या. मुंबई पोलिसांनी ज्यांना पकडले ती विशीच्या आसपासची शिकलेली मुले होती. सार्वजनिक प्रश्नांवर बोलणाऱ्या मुलीला घाबरवून घरात बसवणे, हाच त्या अॅपचा हेतू होता. आपल्या काही घरांत मुलीला असा त्रास झाला की तिचाच मोबाईल काढून घेतात. म्हणजे छळणाऱ्याचे अर्धे काम आपण करून देतो. हजरत खौला बिन्त सअलबा (रजि.) आपल्या पतीविषयीची तक्रार घेऊन थेट प्रेषितांकडे आल्या होत्या, त्यांनी आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडली, आणि सूरह मुजादिलाची पहिली आयत सांगते की अल्लाहने ते बोलणे ऐकले.

आसचे दार

हाक झाली, बैठक झाली. आता दार. इथे आपल्या समाजाचा अगदी ताजा अनुभव आहे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या. मग देशभरातील मस्जिदींच्या भिंतींवर क्यूआर कोड लागले. कॅमेरा समोर धरायचा, तयार मसुदा उघडतो, पाठवायचे. अर्ध्या मिनिटाचे काम. पुष्कळ तरुणांसाठी आयुष्यातला तो पहिला नागरी सहभाग होता आणि त्या उत्साहाला मी कमी लेखणार नाही. समितीच्या अहवालात सुमारे ९७ लाख निवेदनांची नोंद आहे. पण विरोधकांप्रमाणे समर्थकांनीही तशीच मोहीम चालवली होती. शब्दशः एकसारखी लाखो पत्रे दोन्ही बाजूंनी आली की वाचणारा ती वाचत नाही, मोजतो. आणि मोजण्यातही दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. एप्रिल २०२५ मध्ये विधेयक संमत होऊन त्याचा कायदा झाला.

यानंतर खरी परीक्षा आली. ६ जून २०२५ रोजी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि प्रत्येक नोंदणीकृत वक्फ मालमत्तेचा तपशील सहा महिन्यांत त्यावर भरायचा होता. कायद्याविषयी आपले आक्षेप आहेत, ते न्यायालयापुढे आहेत, आणि तिथे ते मांडणे हाही नागरी सहभागच आहे. पण पोर्टलवरचे काम अर्ध्या मिनिटाचे नव्हते. मुतवल्लीने आपल्या मोबाईल आणि ई-मेलवरून खाते उघडायचे, क्षेत्रफळ, चतुःसीमा, गट क्रमांक, वक्फ कोणी केले, उत्पन्न किती, हे सारे भरायचे. मग वक्फ मंडळाने तपासायचे, त्यानंतर शासकीय अधिकाऱ्याने मान्य करायचे. लहान गावातला मुतवल्ली साठी-सत्तरीचा, साधा फोन वापरणारा. कागद कुठे तर जुन्या ट्रंकेत, कधी उर्दूत, कधी वाळवी लागलेला. सातबाऱ्यावर नाव एक, वक्फच्या नोंदीत दुसरे. क्यूआर कोडपाशी जी गर्दी होती, त्यातले किती तरुण त्या ट्रंकेपाशी बसले? जे बसले त्यांनी कब्रस्तानाच्या हद्दीचे दगड शोधले, तलाठी कार्यालयात रांग लावली, चाचाजानांना ओटीपी म्हणजे काय ते चार वेळा समजावले. आसच्या दारी चालत गेले ते हे तरुण. त्यांचा व्हिडिओ कोणी काढला नाही.

अमानतीची ही बाजू मोबाईलच्या विरोधातली नाही. मोबाईल नसता तर ती नोंद झालीच नसती. प्रश्न हा आहे की पडद्यावरचा स्पर्श हे काम संपल्याची खूण मानायची, की निघण्याची.

ग्रामसभेचेच पाहा. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास त्या होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल, ती लागते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मग जे दहा-बारा जण येतात, ते गावाचा आराखडा ठरवतात. त्याच गावाच्या ग्रूपवर रस्त्यावरून दीडशे संदेश झालेले असतात. ज्यांनी ते लिहिले, ते सभेत असते तर गणपूर्ती झाली असती. सभेला जाण्याआधी ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टल उघडून आपल्या ग्रामपंचायतीने कोणत्या कामावर किती खर्च दाखवला ते पाहावे, त्याचे छायाचित्र जवळ ठेवावे आणि सभेत उभे राहून शांतपणे विचारावे. महिलांची वेगळी सभा ग्रामसभेआधी होते. तिथे आपल्या बहिणी बुरख्यात जाऊन बसू शकतात, बोलू शकतात, आणि पाणी-रेशन-अंगणवाडी याविषयी त्यांच्याइतके कोणाला माहीत असते?

शहरात राहणाऱ्यांसाठी माहितीचा अधिकार आहे. २००५ चा तो कायदा. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइनही करता येतो. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. हा नियम काहींना जाचक वाटतो. मला तो तरुणांसाठी उत्तम शिक्षक वाटतो. शिव्या, शेरे, शंका यांना १५० शब्दांत जागाच नसते. अमुक गल्लीतल्या नालीच्या कामाचा आदेश कोणत्या तारखेचा, रक्कम किती, देयक कधी दिले, एवढेच विचारता येते, आणि त्याचेच उत्तर हवे असते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. कारण सांगावे लागत नाही. अर्जावर नाव मात्र खरे लिहावे लागते, आणि खोट्या नावाची खाती चालवणाऱ्या आपल्या काही मुलांनी त्या सवयीपासून मोकळे होण्याची ही चांगली सुरुवात आहे. साक्ष द्यायची तर नावानिशी द्यावी.

शेवटी मतदार यादी, कारण याबाबत आपल्या घरांत कमालीची ढिलाई आहे. २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी आगाऊ अर्ज करू शकते. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी नमुना ८. दोन्ही मोबाईलवरून भरता येतात. आपल्याकडे एकच माणूस आधारवर ‘मोहम्मद’, यादीत ‘मो.’, दाखल्यावर ‘मोहंमद’ असतो; ‘शेख’ कधी नावाआधी, कधी नंतर. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते आणि सासरी ते चढत नाही.

२४ जून २०२५ च्या आदेशाने निवडणूक आयोगाने मतदार याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी हाती घेतली. ऑक्टोबरअखेर जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात आपल्या शेजारची मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये होती. बालाघाट आणि राजनांदगावला आपल्या कितीतरी लेकी दिलेल्या आहेत. तिथे प्रत्येक मतदाराला विचारले गेले, की वीसेक वर्षांपूर्वीच्या यादीत तुमचे किंवा तुमच्या आईवडिलांचे नाव कुठे होते? ज्या लेकीच्या आईवडिलांचे नाव गोंदियाच्या यादीत, तिला माहेरी फोन करावा लागला. आणि माहेरी त्या यादीचा भाग क्रमांक कोणालाच ठाऊक नव्हता, असेही झाले. अशा तपासणीच्या वेळी धावपळ होण्यापेक्षा घरातल्या एका मुलाने किंवा मुलीने आताच वही घ्यावी. घरातील प्रत्येकाचे यादीतील नाव जसे छापले आहे तसे, मतदान केंद्र, भाग आणि अनुक्रमांक, लग्न होऊन गेलेल्या बहिणी-आत्यांसह, उतरवून ठेवावे. आजोबा तेव्हा कोणत्या गावी, कोणत्या शाळेत मतदानाला जात, हे मोबाईल सांगणार नाही; आजी हयात असेल तर तिला विचारावे.